तौवूसाठी दुप्पट दर

नौसोरी, ४ ऑगस्ट

अरे खेकडेखाऊ इलाइतिया,

पत्र बघून घाबरू नकोस, इथे कुणी मेलेलं नाही. फोन करून थकलो. तुमच्या बेटावरचा तो मनोरा पुन्हा झोपलेला दिसतोय. म्हणून हे शुक्रवारच्या बोटीने पाठवतो.

आधीच सांगून ठेवतो, मी रागावलेलो नाही. रागवायची सोयच नाही मुळी. तुझं गाव आणि माझं गाव एकाच मूळपुरुषाची लेकरं. तुम्ही समुद्रात गेलात, आम्ही नदीकाठी चिखलात राहिलो, आणि तेव्हापासून आपण तौवू. तौवूने तौवूच्या घरात शिरून हवं ते उचलावं, तोंडावर हव्या त्या शिव्या द्याव्यात आणि समोरच्याने हसावं. जो रागावला तो हरला, आणि त्याचं गावही हरलं. तेव्हा राग नाही. फक्त एक विचारायचं होतं.

काल सकाळी मागच्या पायरीवर कसाव्याचे कंद सोलत बसलो होतो. रेडिओ चालू होता. निवेदिका म्हणाली, "आता ऐका, इलाइतिया यांचं नवंकोरं गाणं." मी लोसालिनीला हाक मारली, "अगं ये, आपला खेकडा लागलाय!" आम्ही दोघं कौतुकाने ऐकत बसलो. गाणं संपल्यावर ती बाई म्हणाली, ध्वनिमुद्रण सुवामधल्या सेरेइमा यांच्या स्टुडिओतलं.

लोसालिनी माझ्याकडे बघायला लागली. मी कसाव्याकडे.

म्हणजे तू सुवाला येऊन गेलास. तिथून माझं घर किती लांब आहे? बसमध्ये नीट झोपही लागत नाही तेवढ्यात पूल येतो. पूल ओलांडला की मी. तू येऊन, गाऊन, बोटीत बसून परत गेलास आणि मला कळलं ते रेडिओवरून, शेजारच्या गल्लीतल्या कुणालाही कळावं तसं.

गाणं चांगलं झालंय. आवाज स्वच्छ आहे. फारच स्वच्छ, घासून पालथ्या घातलेल्या ताटासारखा. त्यात ना कोंबडा, ना पत्र्यावरचा पाऊस, ना आमच्या हिची भांडी. ऐकताना वाटलं, हा माणूस राहतो तरी कुठे, हवेत? पण लोकांना आजकाल असंच आवडत असेल. मला काय कळतंय. मी जुने रेडिओ उघडून उघडून शिकलेला माणूस, ती ऑकलंडला जाऊन शिकून आलेली.

घराखालची ती जागा मी ध्वनिमुद्रणासाठी फळ्या ठोकून बंद केली तेव्हा तू खिळे धरून उभा होतास. भिंतीला लोसालिनीच्या लग्नातल्या चटया ठोकल्या. ती हळहळली, पण इलाइतियाच्या आवाजासाठी म्हटल्यावर गप्प बसली. ती खोली दुसऱ्या कुणासाठी नव्हती बांधलेली. पुढे गाव आत शिरलं, ती गोष्ट वेगळी.

तुझी लेक उनाइसी बाजारात भेटली होती. तिच्याकडून कळलं की वर्ष संपता संपता तू मुलाकडे ब्रिस्बेनला कायमचा चाललास. आता तुझ्या आजोबांची ती बोटीवरची गाणी, जी तुझ्याखेरीज कुणाला येत नाहीत, ती जायच्या आधी माझ्या खोलीत करायची असं आपलं ठरलं होतं. ठरलं होतं ना? का मी एकटाच ठरवत होतो?

दोन ओळी लिही. पुन्हा सांगतो, रागावलेलो नाही.

तुझा तौवू,
कितिओने

नौसोरी, १९ ऑगस्ट

इलाइतिया, अरे कासवचोरा,

दोन बोटी आल्या, तुझं पत्र नाही. बोटीवरच्या माणसाला विचारलं तर म्हणाला, "ते ना? धक्क्यावर बसून गळ टाकत होते." म्हणजे हात शाबूत आहेत.

मी विचार करत बसलो की तुला लागलं असेल ते काय. एकच सापडलं. तो दरांचा फळा.

पण त्या फळ्याचं तुला सगळं माहीत आहे. जो येईल तो "केरेकेरे, कितिओने" म्हणायचा, आणि आपल्यात कुणी केरेकेरे म्हटलं की नाही म्हणायला जीभ वळत नाही. चर्चचा गायकवृंद आला, तो तीन आठवडे गेला नाही. माझ्या चुलत चुलत भावाचा जावई आला, त्याने तर वायरीच गुंडाळून घरी नेल्या, तेही केरेकेरे. शेवटी लोसालिनी म्हणाली, "अहो, तुम्ही स्टुडिओ काढलाय की धर्मशाळा?" आणि तिने स्वतः ब्रश घेऊन फळा रंगवला. अनोळखी लोक, पूर्ण दर. मित्र आणि नातेवाईक, अर्धा. चर्च, एक टोपली दालोचे कंद. खाली थोडी जागा उरली होती, तिथे मी लिहिलं, "तौवूसाठी दुप्पट."

ती थट्टा होती हे काय सांगायला हवं? तू ईस्टरला आलास, फळा वाचलास आणि पोट धरून खाली बसलास. मग माझा सगळा यांगोना पिऊन, माझी छत्री घेऊन गेलास. तेव्हा हसलास तो खरा हसलास ना? खरंच लागलं असेल तर सांग. पण तौवूला लागत नाही. लागतं का?

मित्रांकडून पैसे घेणं हे काय प्रकरण आहे ते मला त्या फळ्यामुळे कळलं, ते तुला सांगायचं राहूनच गेलं. चर्चमधल्या डीकन नेमानीचं बघ. इतकी वर्षं फुकट गायचा आणि जाताना माझे हात हातात घेऊन, "कितिओने, देव तुझं भलं करो." पहिल्यांदा अर्धा दर दिला त्या दिवशी माणूसच बदलला. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला. "तो मागचा कोंबडा काढ." "दुसऱ्या कडव्यात माझा आवाज नाकात येतोय, पुन्हा घे." "हे नको, आधीचं बरं होतं." संध्याकाळपर्यंत माझा भुगा केला. मी लोसालिनीला म्हटलं, अर्धे पैसे देऊन अख्खा माणूस विकत घेतला यानं! ती म्हणाली, "पण गाणं चांगलं झालं की नाही?" झालं होतं. ते मी तिला सांगितलं नाही.

परवा सुवाला गेलो होतो. डोळे तपासायला. डोळ्यांचा डॉक्टर आणि सेरेइमाचा रस्ता एकाच बाजूला आहेत, त्याला मी काय करू.

चांगली आहे मुलगी. चाळिशीची असेल. दार उघडून म्हणाली, "बुला काका, या या. तुम्ही कितिओनेकाका ना? तुम्ही केलेल्या कॅसेट ऐकत मोठी झाले मी." बघ, अशी माणसं आधी गोड गोड बोलतात. भिंतींना राखाडी रंगाचं काहीतरी लावलंय, मधमाश्यांच्या पोळ्यासारखं. चटई एकही नाही. बशीवर ठेवून कपात चहा दिला. आणि समोर हे एवढं मोठं घड्याळ.

मी म्हटलं, "घड्याळ कशाला? माणूस गाणार की वेळ बघणार?"

"लोकांना बरं वाटतं काका. हा वेळ आपला आहे, आपण विकत घेतलाय, हे समोर दिसतं. मग लाजत नाहीत."

"इलाइतियाची बाकीची गाणी ऐकव जरा."

"नाही ऐकवता येणार. ग्राहकाचं काम मी दुसऱ्याला ऐकवत नाही."

"मी दुसरा?"

"इथे तरी," ती म्हणाली. तेही इतक्या गोड आवाजात की चहा सोडून उठताही येईना.

मग मी न विचारायचं ते विचारलं. "पैसे घेतलेस त्याच्याकडून?"

"घेतले की."

"पूर्ण?"

"पूर्ण. मी कमी करायला गेले तर त्यांनी नको म्हटलं. गायच्या आधीच टेबलावर ठेवले."

इलाइतिया, माझ्या घरी तू आजवर पैसा ठेवला नाहीस, आणि तू ठेवला असतास तर मी तो नदीत फेकला असता. पण तिच्या टेबलावर तू तो आधीच ठेवलास, हे ऐकून मला जे झालं त्याला काय म्हणतात मला माहीत नाही. लोसालिनीला माहीत आहे. ती म्हणाली, "त्याला काय म्हणतात ते मी सांगते, पण आधी जेवून घ्या." दिवसभर तेच सुरू आहे तिचं. मासे वाढताना म्हणे, "सेरेइमा मासे कपबशीत देते का हो?"

डोळे ठीक आहेत. चष्म्याचा नंबर वाढला नाही.

कितिओने

नौसोरी, २ सप्टेंबर

तौवू,

एक छोटीशी बातमी. तुझी गिटार माझ्याकडे आहे.

काय झालं, मी उनाइसीकडे सहज डोकावलो होतो. तुझी लेक गुणाची. नारळाच्या दुधातला मासा वाढला, माझं पोट सुटलंय म्हणून सांगितलं, आणि बोलता बोलता म्हणाली की बाबा ऑक्टोबरात येणार, उरलेली गाणी सेरेइमाकडेच करणार. गिटार बोटीतल्या खाऱ्या हवेत पुन्हा नको म्हणून तिच्याकडे भिंतीवर टांगून गेलेत.

मी हात धुतले, उठलो आणि गिटार काढून घेतली.

"काका! ती बाबांची आहे."

"माहीत आहे कुणाची आहे. म्हणून तर घेतोय."

"तुमच्या गावची माणसं चिखल खातात हे ऐकलं होतं. आता लाकूडही खायला लागली का?"

"तुझ्या बापाने माझी बदकं नेली तेव्हा मी हूं केलं होतं? छत्री नेली तेव्हा?"

"बदकं त्यांनी तुम्हालाच बोलावून खाल्ली, काका." मग ती हसली. तौवूची लेक, हसावंच लागतं. पण दारापर्यंत आली नाही.

हक्काने घेतलीय, तेव्हा राग धरू नकोस. धरताच येणार नाही तुला. तारा बदलल्यात, वरची एक गंजली होती. तुझ्याखेरीज दुसऱ्या कुणाला ती वाजवू देणार नाही. आजोबांची गाणी तू दुसऱ्या गिटारवर गात नाहीस हे मला ठाऊक आहे. तर आता ऑक्टोबरात उतरलास की बस पकड, पूल ओलांड आणि ये. किती सोपं झालं बघ.

लोसालिनीला मात्र पटलेलं नाही. गिटार बघून तिने विचारलं, "इलाइतियाने दिली?" म्हटलं, "घेतली. तौवू आहे." ती भांडी पुसत होती, ती तशीच ठेवून म्हणाली, "थट्टेत नेलेल्या वस्तूवर दोघं हसतात. ही तुम्ही त्याला गाता येऊ नये म्हणून आणलीत. यावर कोण हसणार?"

बायकांना या गोष्टी समजत नाहीत. तू लिही.

कितिओने

नौसोरी, २३ सप्टेंबर

इलाइतिया,

तुझं पत्र मिळालं. पाकीट उघडण्याआधी हसत होतो, आता काय काय शिव्या वाचायला मिळणार म्हणून. पहिल्या ओळीत नुसतं "प्रिय कितिओने". तिथेच माझं हसणं थांबलं. चाळीस वर्षांत तू मला नावाने हाक मारलीस ती फक्त माझी आई गेली तेव्हा.

पत्र मी इतकं वाचलंय की पाठ झालंय. तुला तुझेच शब्द वाचून दाखवतो, कारण माझे मला सुचत नाहीत.

"गिटार ठेव. मला आता लागणार नाही. सेरेइमाकडे गेलो ते तिची यंत्रं भारी म्हणून नव्हे. मला एक विचारायचं होतं आणि ते तुला विचारता येत नव्हतं. वरचा सूर लावायला गेलो की गळ्यात काहीतरी अडतं. तुझ्याकडे गायलो की तू म्हणतोस, कोण बोकड कापतंय रे? पण मी बोटीच्या टोकावर उभा राहून गायचो आणि किनाऱ्यावरच्या बायका कामं टाकून यायच्या, तेव्हाही तू बोकडच म्हणायचास. मग आता खरंच बोकड झालाय की नाही, हे मला कळणार कसं? आणि तू पैसे घेत नाहीस. फुकट देणाऱ्याला 'पुन्हा कर' म्हणवत नाही, 'खरं सांग' तर नाहीच नाही. तुझा फळा वाचून मी हसलो, पण बसमध्ये बसल्यावर वाटलं, याने खरंच दुप्पट घेतले असते तर बरं झालं असतं. त्या पोरीला पैसे दिले आणि विचारलं. ती प्रामाणिक आहे. म्हणाली, तुमचा पूर्वीचा आवाज मी समोर बसून ऐकलेला नाही, आहे तो मला आवडला. तिने तरी आणखी काय सांगावं? पूर्वीचा आवाज फक्त तुझ्या कानात आहे. असो. मी आता गायचंच नाही असं ठरवलंय. आजोबांची गाणी आजोबांबरोबर."

आता माझं ऐक. मी रागावलो होतो. घे, लिहिलं. तौवू असून रागावलो, पोटभर रागावलो, आणि राग सुद्धा नव्हता तो, लोसालिनी म्हणते ते होतं. त्या बाईने तुझा आवाज माझ्याआधी ऐकला याने माझा जीव जळत होता. चहाची कपबशी आठवली तरी जळत होता. आणि तू मात्र तिकडे गळा धरून बसला होतास.

त्याहून लाजिरवाणं असं की "फक्त तुझ्या कानात" हे वाचलं आणि मी खूश झालो. इतका खूश की पुढची ओळ वाचायला थोडा वेळ गेला. पुढची ओळ वाचली आणि खुशी कुठच्या कुठे गेली. तू गाणार नसशील तर माझ्या कानात काही असून काय उपयोग?

काल उनाइसीकडे गेलो. तौवूसारखा नाही, परक्यासारखा. यांगोनाच्या मुळांची जुडी घेऊन गेलो, दाराशी गुडघ्यांवर बसलो, जुडी पुढे सरकवली आणि माफी मागितली, आपल्याकडे गुन्हा केल्यावर मागतात तशी. पोरगी घाबरलीच. "काका, उठा ना, हे काय करताय? बाबांना कळलं तर मलाच ओरडतील." मी म्हटलं, जुडीला हात लावल्याशिवाय उठणार नाही, माझे गुडघे तुझ्या बापापेक्षा जुने आहेत, लवकर कर. तिने हात लावला, म्हणजे माफ केलं. गिटार भिंतीवर होती तिथे टांगून आलो. आता ती घेऊन तुला हवं तिथे जा. सेरेइमाकडे गेलास तरी चालेल. चालणार नाही, पण मी काही बोलणार नाही.

किंवा माझ्याकडे ये, पण ग्राहक म्हणून ये. पूर्ण दर. अर्धा नाही आणि दुप्पटही नाही, अनोळखी माणसाचा. तौवू फाटकाबाहेर ठेवून आत यायचं. मी यांगोना देणार नाही, चहा देईन. कपात देईन, बशीही आहे घरात. "श्रीयुत इलाइतिया" म्हणेन. एकही शिवी देणार नाही. तू जे विचारशील त्याचं माझ्या कानाला जे माहीत आहे ते उत्तर देईन. मग तुला 'पुन्हा कर' म्हणायचा हक्क, आणि मलाही.

मला भीती वाटतेय. तुला वाटत असेल तशीच.

ये.

कितिओने

नौसोरी, २८ ऑक्टोबर

इलाइतिया,

तू समोर बसून गेलास आणि मी पुन्हा पत्र लिहायला घेतलंय. पण आपल्यामध्ये तो चटईचा पडदा होता. मला तुझे फक्त बूट दिसत होते आणि तुला माझं तोंड दिसत नव्हतं. पलीकडे काय चाललं होतं ते तुला कळायला हवं.

बूट घालून आलास तेव्हाच मला हसू फुटणार होतं. उभ्या आयुष्यात तुला चर्चबाहेर बुटांत पाहिलं नव्हतं. फाटकातून शर्टाची वरची गुंडी लावून आत आलास, मी "या, श्रीयुत इलाइतिया" म्हटलं आणि लोसालिनी तोंडावर हात दाबून स्वयंपाकघरात पळाली. शेजारच्यांनी कोंबडा टोपलीखाली ठेवला होता. पाऊस नव्हता. तू पैसे ठेवलेस. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, पण ते तिथे आहेत हे मला सारखं कळत होतं, खोलीत तिसरा माणूस बसावा तसं.

पहिलं गाणं तू अर्ध्यापर्यंत आणलंस. वरचा सूर आला. माझ्या जिभेवर बोकड आला होता, अगदी दातांपर्यंत. मी तो गिळला.

म्हटलं, "श्रीयुत, वरचा सूर जात नाही."

तुझ्या तारा एकदम थांबल्या. "कधीपासून?"

"दोनेक वर्षं झाली."

"तुला माहीत होतं?"

"होतं."

"आणि तू बोकड म्हणत राहिलास."

"नेहमीसारखाच म्हणत राहिलो. तुला फरक कळू नये म्हणून."

इलाइतिया, तुझं पुढचं वाक्य येईपर्यंत मी काय काय ठरवलं असेन! तू उठून जाणार. ब्रिस्बेनला जाऊन गप्प बसणार. नातवंडं विचारतील, आजोबा गात होते का, आणि कुणी म्हणेल, हो म्हणे, पूर्वी. आणि हे सगळं मी केलं, खरं बोलून. खोटं बोलून दोन वर्षं केलं ते निराळंच. डोळ्यांसमोर फक्त तुझे बूट. मग त्यातला एक हलला. तू पायानेच टाच दाबून तो काढलास, मग दुसरा. अनवाणी पाय चटईवर टेकवलेस आणि म्हणालास, "मग खाली घ्यावं लागेल. किती खाली?"

मी म्हटलं, "तुला झेपेल तेवढं. तू सांग."

"मी का सांगू? पैसे मी दिलेत. तू सांग."

मी सांगितलं. तू नाक मुरडलंस, ते पडद्याआडूनही कळलं. आणि मग तू गायलास.

हा आवाज मी ओळखत नव्हतो. किनाऱ्यावरच्या बायकांना बोलावणारा तो नव्हताच. जेवण भाजायच्या लोवोच्या खड्ड्यावरची पानं बाजूला केली की खालचे दगड अजून गरम असतात आणि आपण हात जवळ नेऊन बघतो ना, तसा होता. मी कानावरचे हेडफोन घट्ट दाबून धरले होते. आणि खरं सांगू, तेव्हासुद्धा मनात पहिलं हेच आलं की हा आवाज सेरेइमाने ऐकलेला नाही. तिने वरचा ऐकला. हा आधी मी ऐकला. माणूस सुधारत नाही, लोसालिनी बरोबर म्हणते.

मी "पुन्हा" म्हणत राहिलो. तू एकदाही कुरकुरला नाहीस. दुसऱ्या गाण्याच्या वेळी तूच म्हणालास, "हे मला पसंत नाही, पुन्हा." आणि तिसऱ्याच्या वेळी दोघं एकदम. तेव्हा आपण दोघंही हसणार होतो, पण तू श्रीयुत होतास आणि मी दुकानदार.

आजोबांची सगळी गाणी झाली. तू उठलास, बूट हातात घेतलेस आणि म्हणालास, "विनाका." तौवू तौवूला आभार म्हणत नाही. तू माझी बदकं, छत्री, काय काय नेलंस, कधी विनाका म्हणाला नाहीस, आणि म्हटलं असतंस तर मला शिवी वाटली असती. त्या दिवशी नाही वाटली. पण दुसऱ्यांदा ऐकायची माझी हिंमत नाही, तेवढं लक्षात ठेव.

गाणी नंतर मी सेरेइमाकडे घेऊन गेलो. आवाज टिपणं मला येतं, पण शेवटचा हात तिचा माझ्यापेक्षा चांगला आहे. हे वाक्य लिहायला मला सकाळपासून दुपार झाली. ती म्हणाली, "काका, तुमच्याकडून कसले पैसे घ्यायचे? तुम्ही घरचे." मी म्हटलं, "घे मुकाट्याने, नाहीतर मला 'पुन्हा कर' म्हणता येणार नाही." तिने घेतले. मग मी दोनदा म्हणालो. एकदा गरज होती, एकदा नुसतंच, चालतं का बघायला. ऐकताना ती एका जागी थांबली आणि म्हणाली, "माझ्याकडे ते असे नाही गायले." मी चहा घेतला. चांगला करते चहा.

आता मुख्य गोष्ट. तू फाटकाबाहेर गेलास आणि वळून उभा राहिलास. बस समोर येत होती तरी उभाच. तू कशाची वाट बघत होतास ते मला माहीत होतं. ग्राहक संपला होता, तौवू फाटकाबाहेरच ठेवलेला होता, तो उचलून तू माझ्या तोंडाकडे बघत होतास. एक शिवी तुला हवी होती घरी न्यायला. आणि माझ्या तोंडून एकही फुटेना. तोंड उघडलं असतं तर शिवी आली नसती, दुसरंच काहीतरी आलं असतं, रस्त्यावर, बसमधल्या माणसांसमोर. तू हात हलवलास आणि चढलास.

म्हणून हे पत्र. ती तुझी राहिलेली शिवी पाठवतोय, बेट कायमचं सोडण्याआधी मिळेल अशा बेताने.

अरे खेकडेखाऊ, कासवचोरा, छत्रीबुडव्या. बुटांत तुझे पाय केळीच्या पानात दोन दिवस विसरलेल्या माशांसारखे दिसत होते. गुंडी लावलेला तुझा गळा बघून लोसालिनीला वाटलं, याला कुणी पकडून आणलंय. तुझ्या गावात देखणा माणूस जन्मला तर त्याला वाऱ्याने आमच्याकडे ढकललेलं असतं, म्हणून तू तिथे उरलास. ब्रिस्बेनच्या विमानतळावरची माणसं तुला बघून आधी पेटीत काय आहे ते विचारणार नाहीत, तुलाच पेटीत घाला म्हणतील.

आवाजाबद्दल काही लिहिणार नाही. आवाजाचं आपलं खरं बोलणं झालंय, त्यात आता थट्टा मिसळणार नाही.

तिथे तुला बोलावतील. चर्चमध्ये, लग्नांत, कुणाच्या तरी गॅरेजात माइक लावलेला असेल तिथे. जा. खालच्या सुरात गा. कुणी फुकट करून देतो म्हणाला तर पैसे टेबलावर ठेव आणि खरं काय ते विचार. पण आपल्या नदीकाठचा एखादा तिकडे भेटला, तौवू म्हणून गळ्यात पडला आणि तुझं गाणं ऐकून बोकड म्हणाला, तर हसू नकोस. त्याला सांग, तो शब्द आधीच एका म्हाताऱ्याने राखून ठेवलाय, आणि तो म्हातारा कुणाबरोबर वाटून घेत नाही.

तुझा, चिखलातला,
कितिओने